राम रामाचा ब्रेकर

हिवरखेडच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की गावाच्या तोंडाशीच भगवंतरावांचं घर लागतं, आणि त्या घराच्या फाटकाच्या पाच पावलं अलीकडे भगवंतरावांचा ब्रेकर होता. त्यांचाच म्हणायचा, कारण तो सरकारनं केलेला नव्हता आणि पंचायतीच्या ठरावातही नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ते सरपंच असताना गावातून सिमेंटचा रस्ता गेला. शेवटी थोडं काँक्रीट उरलं. ते भगवंतरावांनी जातीनं उभं राहून आपल्या ओट्यासमोर ओतवून घेतलं. मिस्त्रीनं विचारलं, “भाऊ, उंची किती ठेवू?” भगवंतरावांनी बोटं ताणून वीत दाखवली.

“एवढा? बैल अडखळतीन ना भाऊ.”

“बैलाले समजते,” भगवंतराव म्हणाले, “मानसाले समजवा लागते.”

पंचायतीच्या फायलीत त्यांनी एक अर्ज तेवढा लावून ठेवला होता, त्यात कारण होतं शाळकरी मुलांची सुरक्षा. आता शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि भगवंतरावांच्या घरासमोर त्यांच्या म्हशीखेरीज कोणी रस्ता ओलांडत नाही, पण सरपंचाला असले प्रश्न विचारायचे नसतात. खरं कारण वेगळं होतं. त्या वीतभर उंचवट्यापाशी मोटारसायकल असो, ऑटो असो की ट्रॅक्टर, जवळजवळ थांबावंच लागायचं. थांबलं की मान घराकडे वळायची. तिथं ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत भगवंतराव बसलेले. नजरानजर झाल्यावर न बोलता जाणं वाईट दिसतं, म्हणून माणूस हात कपाळाला लावून म्हणायचा, “राम राम भाऊ.” भगवंतराव हात वर करायचे. दिवसाला शंभर राम राम कुठं गेले नाहीत.

पुढं सरपंचकी गेली, सोसायटीतली जागा गेली, बायकोच्या नावानं लढवलेली निवडणूकही गेली. खुर्ची म्हणून उरली ती प्लास्टिकचीच. पण राम राम चालूच होते, आणि भगवंतरावांचा असा पक्का समज झाला होता, की मतं कुणालाही पडोत, गावाच्या काळजात आपणच आहोत. सगळ्यात गोड राम राम जानरावाचा. त्यांना पाडून सरपंच झालेला हा जानराव तीसेक पावलं अलीकडे, फाट्याच्या बाजूला राहायचा. पंचायतीत जायचं तर त्याला रोज ह्याच ब्रेकरवर गाडी हळू करावी लागायची आणि रोज ह्याच ओट्याकडे पाहून हात कपाळाला न्यावा लागायचा. त्या एका क्षणावर भगवंतरावांचा अख्खा दिवस निघायचा.

तक्रारी झाल्या नाहीत असं नाही. बुधाजी माळ्याचा टेम्पो टमाटे घेऊन अकोटच्या बाजाराला निघाला की निम्म्या टमाट्यांची चटणी इथंच व्हायची. पार्बताबाईच्या सुनेला दिवस भरल्यावर जीपमधून दवाखान्यात नेलं, तेव्हा ती इथं अशी आपटली की तिची किंकाळी भगवंतरावांनी स्वतः ओट्यावर बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई हात जोडून आली. “भाऊ, थोडा तरी कमी करा जी.”

“सवकाश नेत जा,” भगवंतराव म्हणाले. आणि पुढच्या ग्रामसभेत त्यांनी उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, “हा ब्रेकर फुटन तं माह्या मयतीच्या दिवशीच फुटन. ज्याले घाई हाय त्यानं उडून जावं.”

अशा बापाचा मुलगा किशोर. अमरावतीला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, बायको हर्षा तिथंच शाळेत शिकवते. ह्या दसऱ्याला त्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. भगवंतरावांनी ती अमरावतीत जाऊन पाहिली होती. चांगली उंच, पांढरीशुभ्र, दार लावलं तरी आवाज नाही. त्यांनी तिथंच ठरवलं, की पूजा गावात करायची, आपल्या ओट्यासमोर, सगळ्यांच्या देखत. त्यासाठी भिंतीवर गाडी चार्ज करायचं मशीन बसवलं, त्याच्यासाठी वेगळं मीटर घेतलं. पंचक्रोशीतलं पहिलंच मशीन म्हणून त्याला झेंडूचा हार घातला. गाडी यायच्या आधी पंधरा दिवस लोक त्या मशीनचंच दर्शन घेऊन जात होते.

इकडे अमरावतीत किशोरला वेगळीच हौस सुटली होती. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहता पाहता त्याच्या असं लक्षात आलं, की आपल्या गाडीच्या चाकात आणि वरच्या पत्र्यात चार बोटं मोकळी जागा आहे. ही जागा म्हणे फार वाईट दिसते. आजवर कुणाच्याही ती नजरेला आली नव्हती, पण किशोरला आता झोपेतही तीच दिसायला लागली. अकोल्यात एक गॅरेजवाला गाड्या खाली बसवून देतो असं कळलं. कंपनीच्या स्प्रिंगा काढायच्या, बाहेरून मागवलेल्या आखूड स्प्रिंगा घालायच्या, की गाडी दोन इंच जमिनीकडे येते. हर्षा म्हणाली, “लोक गाडी उंच घेतात, तुम्ही घेतलेली बसवता.” किशोर म्हणाला, “तुले लूक नाई समजत.”

रविवारी सकाळी पूजेला निघताना तो वाटेत अकोल्याला थांबला. गाडी दुपारपर्यंत जॅकवर चढवलेली होती. शेवटी चारही स्प्रिंगा बसल्या आणि गाडी खरोखरच जमिनीवर बसलेल्या मांजरीसारखी दिसायला लागली. गॅरेजवाल्यानं सांगितलं, “साहेब, बॅटरी खालीच असते, जरा जपून. ब्रेकर आला की गाडी आडवी घ्या.” किशोरनं मान डोलवली आणि दहा फोटो काढले. ह्या भानगडीत गाडी चार्ज करायची राहिली. पण घरी मशीन होतंच, हारासकट.

चार वाजता गाडी गावाच्या तोंडाशी आली. ओट्यासमोर मांडव होता, रांगोळी होती, भगवंतरावांच्या पत्नी दुर्गाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. भगवंतरावांनी नवं धोतर नेसलं होतं. लोक आवाजाची वाट पाहत होते आणि ही गाडी आवाज न करता येते हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं, त्यामुळे ती एकदम समोर दिसली तेव्हा दोघंतिघं दचकले.

“चारी पंक्चर हाय काय?” बुधाजीनं विचारलं.

भगवंतरावांनाही गाडी बुटकी वाटली, पण आनंदाच्या वेळी असं काही बोलू नये म्हणून ते गप्प राहिले. गाडी जानरावाच्या घरावरून पुढं आली. ब्रेकरपाशी हळू झाली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि मग पोटाखालून असा करकर आवाज आला की मांडवातलं कुत्रंसुद्धा उठून पळालं. गाडी ब्रेकरवर पोट टेकून बसली होती.

किशोर पांढराफटक. “बॅटरी! खाली बॅटरी हाय!”

पुन्हा तोच आवाज करत गाडी मागं घेतली. हर्षाला उतरवलं, तेवढंच वजन कमी. उपयोग झाला नाही. गॅरेजवाल्याचं आठवून गाडी आडवी घातली, तर दोन्ही बाजूंना नाल्या, पुढचं चाक नालीत जाता जाता राहिलं. मग लोकांनी कापसाच्या गाडीच्या दोन फळ्या आणून ब्रेकरच्या अलीकडे-पलीकडे टेकवल्या. एक फळी गाडीनं मानली, दुसरी काडकन मोडली. मागच्या पांदणीनं, शेतातल्या गाडीवाटेनं फिरवून आणावी, तर तिथल्या चाकोऱ्यांत बैलगाडीचाही आस टेकतो. प्रत्येक खटाटोपानंतर किशोर काचेतल्या बॅटरीच्या आकड्याकडे पाहायचा. चार टक्के. तीन टक्के.

“म्हनजे काय?” भगवंतरावांनी विचारलं.

“म्हनजे बाबा, आता थोड्यानं ही हालनारच नाई. मशीनपाशी न्यावंच लागते.”

मशीन पंधरा पावलांवर दिसत होतं. बुधाजीनं डोकं लढवलं आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल आणली. घरातल्या प्लगपासून ती ब्रेकरवरून गाडीपर्यंत ओढली आणि गाडीतला छोटा चार्जर तिला जोडला. गाडीनं लाल दिवा दाखवला.

“अर्थिंग नाई म्हनते,” किशोर म्हणाला. “ह्या केबलीत दोनच तारा हायत. गाडी घेत नाई.”

“आता गाडीच्या बी जिभेचे नखरे,” पार्बताबाई म्हणाली.

आणि ह्याच वेळी जानराव आपल्या फाटकातून बाहेर आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर अशी माया की सख्ख्या भावाच्याही नसते. “भगवंतभाऊ, काहून त्रास करून घेता? माह्या घरी पक्कं अर्थिंग हाय. मागच्या उन्हायात खड्डा करून मीठ-कोयसा टाकला. फाटक उघडतो, गाडी मागं घ्या अन् लावा माह्या अंगनात. रातभर राहू द्या. पूजा बी तिथीच करून घेऊ. सकाळी तुमी चहाले या अन् गाडी घेऊन जा.”

मांडवातले सगळे भगवंतरावांकडे पाहायला लागले. किशोरचा चेहरा तर एकदम उजळला. त्या पोराला जानरावाच्या अंगणात आणि आपल्या अंगणात काय फरक आहे हे कधी कळलंच नाही. त्याला फक्त चाकातलं आणि पत्र्यातलं अंतर कळत होतं. “बरं होईन बाबा,” तो म्हणाला आणि गाडीकडे वळलाही.

भगवंतरावांच्या डोळ्यांसमोर उद्याची सकाळ उभी राहिली. सातच्या एसटीला जाणारा सगळा गाव जानरावाच्या घरावरून जाणार. हार घातलेली आपली गाडी त्याच्या अंगणात, आणि आपण ओट्यावरून उतरून, आपल्याच ब्रेकरवरून चालत, त्याच्या दारी चहा प्यायला जाणार. बशी हातात घेऊन म्हणणार, उपकार झाले. हे व्हायच्या आधी मरण आलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण मरण काही मागितल्याबरोबर येत नाही, आणि काचेतला आकडा दोनवर आला होता.

“थांब,” ते किशोरला म्हणाले. मग कुणाकडेच न पाहता म्हणाले, “घन आना.”

घन शोधावा लागला नाही. अकरा वर्षं तो जणू दाराआडच तयार होता, अशा वेगानं बुधाजी घन आणि सब्बल घेऊन आला. एक घन कमी पडेल म्हणून आणखी दोघं आपापले घेऊन आले. घरात पाण्याचा हंडा उचलायचा म्हटलं की ज्यांची कंबर धरते, असे लोक बाह्या सरसावून रांगेत उभे राहिले. पहिला घाव बुधाजीचा. “हा टमाट्याचा,” तो दातांत पुटपुटला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. काँक्रीट पक्कं होतं; भगवंतरावांनी स्वतःच्या देखरेखीखाली ओतवलेलं. पण पाळी मागणारे इतके, की कुणी दमायच्या आतच दुसरा म्हणायचा, “आन इकडं, मले मारू दे.” लग्नातसुद्धा गावात एवढा उत्साह दिसला नव्हता.

मग पार्बताबाई पुढं आली. पदर खोचला आणि बुधाजीपुढं हात केला. “एक मले बी.”

“तुमाले जमन काय काकू?”

“जमन.” घन तिनं दोन्ही हातांनी कसाबसा कमरेपर्यंत उचलला. मारायच्या आधी ती भगवंतरावांकडे वळली. आवाज चढवला नाही. “भाऊ, माही सून ह्याच्यावर आपटली तवा मी तुमच्यापुढं हात जोडले. तवा नाई फुटला. आज गाडीच्या पोटाले खरचटलं तं फुटला. आमच्या पोटापेक्षा गाडीचं पोट मोठं म्हना.”

आणि घाव घातला. घाव हलकाच होता, टवकाही उडाला नाही. पण भगवंतरावांना तो लागला. ते मांडवाच्या छताकडे पाहत राहिले, जसं काही तिथली दोरी सैल झाली होती.

अर्ध्या तासात ब्रेकर जमीनदोस्त झाला. ढेकळं नालीत गेली. गाडी आवाज न करता मांडवात येऊन उभी राहिली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली, मशीनची वायर गाडीला लागली आणि हिरवा दिवा पेटला. जानरावही पूजेला थांबला होता. टाळ्या सगळ्यात जोरात त्याच्याच.

दुर्गाबाई पेढे काढायला गाडीच्या डिकीपाशी गेल्या. पेढ्यांच्या खोक्याशेजारी गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी होतं. त्यांनी उघडून पाहिलं. “बाई! हे काय रे किशोर? लोखंडी वेटोये?”

“ते जुने स्प्रिंग हायत माय. कंपनीचे.”

“खराब झाले काय?”

“नाई, चांगले हायत. ते काढून हे छोटे बसवले ना.”

“म्हनजे गाडी उंच होती, थे तू मुद्दाम ठेंगनी केली?”

किशोर पेढ्यांचं खोकं उचलायला वाकला. भगवंतराव मागंच उभे होते. त्यांनी त्या चार स्प्रिंगांकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या सपाट जागेकडे पाहिलं.

“हे होते तं गाडी ब्रेकरवरून गेली असती?”

“आरामात.”

“मंग मघाशी काहून नाई बोलला?”

“तुमी विचारलंच नाई बाबा. तुमी एकदम घनच मागवला.”

हर्षा तोंडाला पदर लावून आत निघून गेली. ती हसली की रडली हे कुणी पाहिलं नाही, पण ती रडत नव्हती हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव नेहमीप्रमाणे खुर्चीत येऊन बसले. पहिली मोटारसायकल आली. त्यांनी हात अर्धा वर नेला. मोटारसायकल सर्रकन निघून गेली. पोराची मान वळली नाही. वळायला सवडच नव्हती. मग ऑटो गेला, दूधवाला गेला, बुधाजीचा टेम्पो टमाट्यांसकट खडखड न करता गेला. सगळे धूळ तेवढी ओट्यावर ठेवून गेले. पंचायतीच्या वेळेला जानराव आला, आणि त्याच्या गाडीला एवढा वेग असतो हे भगवंतरावांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. दुपारपर्यंत त्यांना तीन राम राम मिळाले. त्यातले दोन पायी चालणाऱ्यांचे होते आणि तिसरा म्हणणाऱ्याला त्यांच्याकडून फवारणीचा पंप हवा होता.

त्यांनी खुर्ची फाटकाबाहेर आणून पाहिली, रस्त्याच्या कडेला लावून पाहिली. लोक हॉर्न वाजवून जायला लागले. दुर्गाबाई म्हणाल्या, “आत या, कोनी उडवन.” त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं, पण बोलल्या त्या एवढंच.

आठवड्यानं किशोरचा फोन आला. अमरावतीत त्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगचा उतार आहे, तिथंही गाडीचं पोट घासायला लागलं होतं. म्हणून त्यानं अकोल्याला जाऊन जुन्या स्प्रिंगा पुन्हा बसवून घेतल्या. “आता कोनत्या बी ब्रेकरवरून जाते बाबा,” तो खुशीत सांगत होता. भगवंतरावांनी फोन ठेवला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात, ते ह्यालाच.

दिवाळी होऊन ग्रामसभा झाली. विषय निघाला, की गावाच्या तोंडाशी गाड्या फार जोरात जातात. जानरावानं अर्ज वाचून दाखवला. ‘शाळकरी मुलांच्या सुरक्षेसाठी गतिरोधक बसवणे आवश्यक आहे.’ भगवंतरावांना तो अर्ज शब्दन् शब्द पाठ होता, कारण अकरा वर्षांपूर्वी तो त्यांनीच लिहिला होता. जानरावानं जुन्या फायलीतून काढून खाली फक्त नाव बदललं होतं. विरोध करायचा तर काय म्हणून करायचा? की शाळा दुसऱ्या टोकाला आहे? ठराव एकमतानं पास झाला. जागा जानरावाच्या ओट्यासमोरची. ह्या वेळी मात्र सगळं कायद्यानं, पिवळे पट्टे मारून, पाटी लावून. उंची किती, हे मिस्त्रीनं जानरावाला विचारलं तेव्हा भगवंतराव तिथं नव्हते. पण नंतर त्यांनी जाता जाता पाहिलं आणि त्यांना कळलं. जानरावाची वीत त्यांच्यापेक्षा लहान नव्हती.

एका सोमवारी भगवंतरावांना अकोटला काम होतं. एसटी चुकली म्हणून ते बुधाजीच्या टेम्पोत पुढं बसले. मनाशी ठरवूनच बसले होते, की जानरावाचं घर आलं की डावीकडं, शेताकडं पाहायचं. पऱ्हाटीला कापूस कसा आहे ते पाहायचं. टेम्पो ब्रेकरपाशी आला. बुधाजीनं गियर खाली टाकला, मागं क्रेट खडखडले, टेम्पो जवळजवळ थांबला. ओट्यावर प्लास्टिकची नवी खुर्ची होती.

“राम राम जानरावभाऊ,” बुधाजी म्हणाला.

भगवंतरावांना काही कळायच्या आत त्यांचाही हात कपाळाला गेला होता. तोंडातून शब्दही गेले. त्यांनी हात झटक्यानं खाली घेतला, पण जानरावानं पाहिलं होतं. तो काही हसला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं फक्त हात वर केला, थोडासा, कोपर न उचलता, अगदी भगवंतराव करायचे तसा.

टेम्पो ब्रेकर उतरला. बुधाजी आरशात मागचे टमाटे पाहून शिवी हासडत होता. फाटा आल्यावर भगवंतरावांनी विचारलं, “बुधाजी, एक सांग. तू मले रोज राम राम म्हनत होता, थो कोनाले म्हनत होता?”

बुधाजी साधा माणूस. त्यानं खरं ते सांगितलं. “भाऊ, टेम्पो थांबला की हात आपोआप जाते.”

टेम्पो अकोटच्या रस्त्याला लागला.